दिल्लीहून परतल्यानंतर

तह करणे अवघड खरे. पण तो घेऊन घरी परतणे त्याहूनही अवघड. घरी सर्वांनाच उत्तर द्यावे लागते. तेव्हा विरोध शमविण्यासाठी प्रत्येकाच्या पदरात काही घातले, तर त्याला संमती मिळविणे म्हणावे काय?

हा प्रश्न मनात आला की मला रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील श्रीवर्धनचा बाळाजी विश्वनाथ आठवतो. आधी पेशवा कैद करणाऱ्या कान्होजी आंग्र्याला त्याने लढाईवाचून शाहूच्या पक्षात आणले होते. 1718 मध्ये तो सय्यद हुसेन अलीबरोबर दिल्लीला निघाला. 1719 च्या फेब्रुवारीत तेथे दंगल उसळून शेकडो मराठे मारले गेले. वेळासचा बाळाजी महादेव भानूही त्या यात्रेतून परतला नाही. मार्चमध्ये स्वराज्याच्या, दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा हाती आल्या. 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा कैद झालेल्या येसूबाई तीस वर्षांनी सुटल्या.

पण किंमत होती: सालीना दहा लाखांची खंडणी आणि बादशहाच्या चाकरीला पंधरा हजार घोडेस्वार. 1674 मध्ये रायगडावर अभिषेक करविताना शिवाजी महाराजांनी कोणत्याही बादशहाची परवानगी मागितली नव्हती. मग ही सनद विजयाची की ताबेदारीची? त्यातून शाहूला मान्यता मिळाली म्हणजे कोल्हापूरच्या गादीचा दावा मागे पडला. आणि जे सरदार तलवारीच्या बळावर चौथाई वसूल करीतच होते, त्यांना या कागदाचे अप्रूप ते काय?

बाळाजीचे उत्तर हिशेबाचे होते. चौथाईच्या शंभर रुपयांतले पंचवीस राजाची बाबती, सहा पंत सचिवाची सहोत्रा, तीन राजाच्या मर्जीने द्यावयाचे नाडगौडा, आणि सहासष्ट सरदारांचा मोकासा. एकाच मुलखात अनेकांचे हक्क गुंतविले. तह मोडणे म्हणजे ज्याचे त्याने आपलेच उत्पन्न मोडणे, अशी ही व्यवस्था.

याला मी लाच म्हणणार नाही. लाच अंधारात दिली जाते. हे वाटे वहीत लिहिलेले होते, आणि मोकाशाबरोबर फौज बाळगण्याची जबाबदारीही होती. घरात दुफळी माजली असता केवळ उपदेशाने कोणी एकत्र आले असते, असेही मला वाटत नाही.

तरीही वाटा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: मला काय मिळाले? आपण आता कोण आहोत, बादशहाचे चाकर की स्वतंत्र राज्य, हा दुसरा प्रश्न तसाच राहिला. परतल्यावर वर्षही पुरे झाले नाही तोच, 1720 च्या एप्रिलमध्ये, बाळाजी वारला. पुढे सरदारांची घराणी बलाढ्य झाली आणि प्रत्येकाला आपला मुलूख आधी दिसू लागला, यात मला त्या अनुत्तरित प्रश्नाचा दोष दिसतो. वाट्याने माणूस विरोध सोडतो. परंतु वाटा घटला की तो सोबतही सोडतो. म्हणून तह करून आलेल्याने घरच्यांपुढे त्याचे कारण मांडले पाहिजे, त्यांचे कठोर प्रश्न ऐकले पाहिजेत, आणि वाटणीला त्यानंतर बसावे.

त्या तहातली एक गोष्ट मात्र बाबती, सहोत्रा, मोकासा यांत मोडता येणारी नव्हती. येसूबाई परत आल्या, ते सर्वांचेच मिळविणे होते.