रजेवरून हजर

रजा संपवून दूरक्षेत्रात परतलेल्या पोलिसाची स्टेशन डायरीत एका ओळीत नोंद होते : अमुक वाजता रजेवरून हजर. बॅग खाली टेकवायच्या आत सोबती विचारतात, "काय आणलं बे?" डबा उघडतो. चकल्या, करंज्या, घरचं लोणचं पाच मिनिटांत फस्त. मग गणवेश, शस्त्र, पहाऱ्याची पाळी. घरी काय अर्धवट टाकून आला, यासाठी डायरीत रकाना नाही, आणि सोबत्यांच्या तोंडीही तो प्रश्न सहसा येत नाही.

गोंदिया जिल्ह्यातला सालेकसा तालुका म्हणजे महाराष्ट्राचं ईशान्येचं टोक. मुंबई-हावडा रेल्वे इथून दर्रेकशाच्या बोगद्यातून छत्तीसगडकडे जाते. पावसाळ्यात हाजरा फॉलला पर्यटकांची झुंबड, माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांशी गोंड समाजाची मोठी यात्रा. याच डोंगरांत दर्रेकसा, पिपरिया, बिजेपार, मुरकुटडोह ही पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रं आहेत. तारेच्या कुंपणाआड राहायचं, जंगलात गस्तीला जायचं, दीडपट पगार घ्यायचा आणि घरी फोनवर "मजेत आहे" म्हणायचं. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा नक्षलवादी प्रवक्ता अनंत साथीदारांसह गोंदियात शरण आला. जंगलातल्या गोळीची भीती ओसरते आहे, हे खरंच. पण या नोकरीतला माणूस आतून खचतो तो फक्त गोळीच्या भीतीने, असं समजायला आधार नाही.

डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची माहिती दिली. पाच वर्षांत 730 जवानांनी आयुष्य संपवलं होतं. आकडा मोठा आहेच, पण मला थबकवलं ते त्याच्या सोबतच्या निष्कर्षाने. कारणं शोधायला नेमलेल्या कृती गटाला आढळलं की यातल्या 80 टक्क्यांहून जास्त घटना जवान रजेवरून परतल्यानंतरच्या आहेत. रजा मिळाली नाही म्हणून माणूस खचतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रजा मिळून, घरचं जेवून आलेल्या माणसावर कुणी डोळा ठेवत नाही. तो तर नुकताच 'फ्रेश होऊन' आलेला!

घराच्या बाजूने बघितलं की उलगडा होऊ लागतो. माणूस चार-सहा महिने नसतो, तेव्हा घरातले सगळे तंटे त्याच्या नावाने साठवून ठेवलेले असतात. भावाशी बांधाची वाटणी, आईचं लांबलेलं ऑपरेशन, पतसंस्थेचा थकलेला हप्ता, पोराच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, आणि "तुम्ही कधी असताच कुठे" हे बायकोचं खरं बोलणं. पंधरा दिवसांत यातलं काय सुटणार? अर्धं जेमतेम मार्गी लागतं, उरलेल्या अर्ध्यावर शेवटच्या रात्री भांडण होतं आणि सकाळी गाडीची वेळ होते. राखीव दलातला जवान लातूर-सोलापूरकडचा असेल तर पुढे लांबचा प्रवास, आणि त्या सबंध प्रवासात शेवटचं ते भांडणच डोक्यात. मग डोंगरात मोबाइलची काडी गायब. आत्महत्येमागे एकच एक कारण कधी नसतं. दारू, कर्ज, आजार, उदास करणारा मनोविकार, वरिष्ठांचा जाच, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. पण हा गुंता कोणत्या दिवसांत आवळतो, हे कळलं तर निदान त्या दिवसांत जागं राहता येतं.

अशा दलांत ताणमुक्तीची व्याख्यानं होतात. वक्त्याला शाल-श्रीफळ, पडद्यावर उगवता सूर्य, समोर ताठ बसलेले जवान. इतके ताठ की त्यांना 'रिलॅक्स' म्हणायलाही हुकूमच द्यावा लागावा. व्याख्यान वाईट नसतं. पण त्याच दिवशी सकाळी रजेवरून हजर झालेला शिपाई शेवटच्या रांगेत बसलेला असेल, तर त्याच्या घरी काय झालं हे त्या तासाभरात कुणाला कळणार?

व्यवस्था बदलली की फरक पडतो, याची उदाहरणं आहेत. 2016 साली मुंबईत देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. त्याचं वेळापत्रक मांडलं होतं रवींद्र पाटील या शिपायाने, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते मनावर घेतलं. पुढे शहरातल्या इतर ठाण्यांतही हा प्रयोग गेला. डोंगरातल्या दूरक्षेत्रात आठ तासांचा हिशेब चालत नाही. तिथे पाळी संपली तरी माणूस कुंपणाच्या आतच असतो. तिथे इस्रायलच्या सैन्याचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. आठवडाअखेरच्या सुट्टीवर घरी जाताना शस्त्र तळावरच ठेवायचं, असा नियम त्यांनी 2006 मध्ये केला आणि आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. नोकरी तीच, माणसं तशीच. मरणाच्या इच्छेची लाट अनेकदा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. मग रजेवरून आलेल्याला पहिले काही दिवस मेस, स्टोअर, वायरलेस, कागदपत्रं अशी बिनशस्त्राची कामं का देऊ नयेत? तीही सगळ्यांनाच, सरसकट. म्हणजे कुणावर शिक्का बसणार नाही.

शिक्क्याची भीती खरी आहे. सेवापुस्तकात शेरा पडेल, बढती अडकेल, "मेंटल आहे" म्हणतील. कायदा मात्र पुढे गेलाय. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आयुष्य संपवू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे.

याच दूरक्षेत्रांतून 'पोलिस दादालोरा खिडकी' चालते. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं योजनांचे अर्ज, दाखल्यांची कामं घेऊन तिथे येतात आणि पोलिस ती करून देतात. फार चांगलं काम. खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्याने आपली अडचण कुठे न्यायची, एवढंच ठरायचं राहिलंय.

साहेबांपर्यंत गोष्ट पोहोचायला वेळ लागतो; शेजारच्या खाटेवरच्याला लागत नाही. वीस वर्षं नोकरी झालेला हवालदार डबा संपल्यावर रजेवरून आलेल्याला बाजूला घेऊन विचारू शकतो, "घरी बरं हाय ना बे?" उत्तर फार पटकन "हो" आलं तर थोड्या वेळाने पुन्हा विचारावं. शंका आली तर आडवळण न घेता विचारावं, "जीव द्यावासा वाटतोय का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय, उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडू नये, प्रभारी अधिकाऱ्याला तेव्हाच सांगावं, पहारा बदलून घ्यावा. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. पुढच्या गाडीने त्याच्याबरोबर गोंदियाला, मनोविकार तज्ज्ञाकडे जावं. डायरीत नोंद काय करायची, ते परत आल्यावर बघता येईल.