व्यवसायात्मिका बुद्धी आणि भावांचा आलेख

समभागाचा भाव बरेच दिवस पाळलेली सीमा ओलांडून वर जातो, त्यास ब्रेकआउट म्हणतात. तो लागलीच खाली परतला, की उतावळेपणाने खरेदी केलेला गृहस्थ अडकतो. ही फसगत टळावी म्हणून बंद भाव सीमेच्या वर टिकला काय, उलाढाल वाढली काय, हे पाहतात; वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेल्या आर.एस.आय.सारख्या दर्शकांचाही आधार घेतात. परंतु ही सारी गणिते होऊन गेलेल्या भावांचीच असतात.

सेबीच्या २०२४ च्या पाहणीत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन्समधील ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांस तोटा झाल्याचे आढळले. आलेख त्यांनाही दुर्लभ नव्हते! मन ज्या भावाची अभिलाषा धरते, त्याच्याच खुणा त्यास आलेखात दिसतात.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात व्यवसायात्मिका बुद्धी सांगितली आहे; तेथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, निश्चय होय. खरेदीपूर्वीच तोट्याची सीमा ठरविणे आणि ती येताच निमूटपणे बाहेर पडणे, यास असाच निश्चय लागतो. आशेपोटी ती सीमा रोज थोडी खाली सरकविणारा मनुष्य मुलांच्या शिक्षणासाठी राखलेला पैसा पणास लावीत असतो, आणि घरात कोणास त्याची वार्ताही नसते.