मजकूर बदलून पाहा

गाडगेबाबांचा चेहरा त्यांच्याच दशसूत्रीच्या, म्हणजे दहा सूत्रांतल्या उपदेशाच्या, अक्षरांनी भरून काढणे हे अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला आता सहज जमते. फोटोशॉपमध्ये फोटो कृष्णधवल करायचा, काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवायचा आणि त्याची एक प्रत 'डिस्प्लेसमेंट मॅप' म्हणून बाजूला जपायची. मग मजकुराचा लेयर चढवून तो मॅप लावला की ओळी गालावर फुगतात, नाकाच्या कडेला वळतात, दाढीत गुंततात. नियम साधा आहे. मधल्या करड्या छटेवर अक्षर जागच्या जागी राहते, उजळ भागात एका बाजूला सरकते, गडद भागात दुसऱ्या बाजूला. शेवटी ब्लेंडिंग आणि मास्क वापरून नको तिथली अक्षरे लपवली की काम झाले. लांबून बाबा दिसतात, जवळून अक्षरे दिसतात आणि बघणारा खूश होतो. पण या सगळ्या व्यवहारात सॉफ्टवेअर मजकूर एकदाही वाचत नाही. दशसूत्रीच्या जागी विजेचे बिल टाकले तरी तोच चेहरा उमटेल, तेवढाच हुबेहूब. कारागिरीतल्या या बारकाव्यातून एक धार्मिक प्रश्न उभा राहतो: संताचे वचन त्याच्या चेहऱ्यात मुरवले की वचनाचा मान वाढतो, की वचनापासून आपली सुटका होते? मला वाटते, बहुतेक वेळा सुटकाच होते. मजकूर बदलूनही चेहरा तोच राहत असेल, तर तो मजकूर त्या चेहऱ्याचा नव्हेच.

शब्दांतून माणूस उभा करण्याचे सर्वांत मोठे काम मराठीत याच मुलखात झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटाने महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडून एकेक आठवण मिळवायची, पडताळायची आणि लिहायची, अशी ती पद्धत होती. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाला काय उत्तर दिले, कुणाला कसे थट्टेने टोकले, हे सगळे लीळाचरित्रात आहे. महानुभावांनी देवतांच्या मूर्तींची पूजा नाकारली आणि स्वामींची ठेव म्हणून हा ग्रंथ प्राणापलीकडे जपला. (ते स्वामींच्या स्पर्शाने पावन झालेल्या स्थानांना, ओट्यांना वंदन करतात हे खरे, वस्तूची ओढ माणसाला सुटत नाही.) लीळाचरित्रातली एक लीळा बदलली तर चक्रधर तेवढे बदलतात. तिथे मजकूर आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. तुर्की सुलेखनातली 'हिल्ये' ही परंपराही अशीच आहे. सतराव्या शतकात हाफिझ उस्मानने तिचा घाट पक्का केला: पैगंबरांचे चित्र काढायचे नाही, त्यांच्या रूपाचे आणि स्वभावाचे वर्णन सुंदर अक्षरांत लिहून भिंतीवर लावायचे. म्हणजे अक्षरांतून रूप दाखवायला माझी हरकत नाही. माझा आक्षेप अक्षराला नुसती सावली करून टाकण्याला आहे. आणि हे पाप संगणकाच्या माथी मारून चालणार नाही. मध्ययुगात ज्यू लेखनिक बायबलच्या पाठावरच्या बारीक टिपा प्राण्यांच्या आणि वेलबुट्टीच्या आकारांत लिहीत, आणि त्यातल्या कित्येक वाचणे तेव्हाही जिकिरीचेच असणार.

यावर भक्तिमार्गातून येणारा आक्षेप वजनदार आहे. नाम कळावे लागत नाही, ते घ्यावे लागते. लिखित जपाच्या वहीत तेच नाव पानभर येते आणि ते कुणी वाचावे अशी अपेक्षाही नसते. मग चेहऱ्यात विणलेले नाम वाचता आले नाही तर बिघडले कुठे? याचे उत्तर छत्तीसगडच्या रामनामींकडे मिळते. देवळाचे दार बंद झालेल्या या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'राम' हे नाव अंगावर गोंदून घेतले, काहींनी तर कपाळापासून पायापर्यंत. तिथेही मजकूर चेहऱ्यावरच आहे. पण तो सुईने, सोसून, जन्मभरासाठी घेतलेला आहे. वहीतल्या जपातही हात झिजतो. नामाला अर्थाची गरज नसली तरी घेणाऱ्याची गरज असते. कॉपी-पेस्टने हजार वेळा उमटलेले नाम घेतले कुणी? डिझायनरने नाही, कारण तो कॉन्ट्रास्ट पाहत होता. यंत्राने तर नाहीच. आणि दशसूत्री हे मुळात नामही नव्हे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या लेकरांना शिक्षण अशी ती कामांची यादी आहे. यादी न वाचता तिचा जप करणे म्हणजे कामातून अंग काढून घेणे.

दुसरा आक्षेप दर्शनाचा. लोक मजकुरापुढे थांबत नाहीत, चेहऱ्यापुढे थांबतात; आणि खुद्द बाबा निरक्षर होते, मग अक्षरांचा एवढा आग्रह कशाला? चेहरा माणसाला थांबवतो हे मान्य. पण निरक्षर गाडगेबाबांनी लोकांना स्वतःच्या चेहऱ्यापुढे कधी थांबू दिले का? आधी गावातली घाण खराट्याने झाडायची आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, हा त्यांचा क्रम होता. कर्ज काढून लग्न करता का, देवापुढे बकरे कापता का, असे विचारायचे आणि समोरच्यांकडून उत्तर वदवून घ्यायचे. आपण कुणाचे गुरू नाही, आपला कुणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा शब्द अक्षराविना चालला, पण उत्तराविना कधी चालला नाही. चेहऱ्यात विरलेली ओळ कुणाला काही विचारत नाही. त्यात देवनागरीची अडचण वेगळीच. उजळ कपाळावर अनुस्वार पुसला जातो, वेलांटी वरच्या ओळीत घुसते, आणि सेटिंग चुकले तर जोडाक्षरे फुटतात ती निराळीच. दहा सूत्रांतले एकही धड वाचता न येणारा फलक २० डिसेंबरला, बाबांच्या पुण्यतिथीला, चौकात लागू शकतो आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. लक्षात येत नाही, हाच माझा पुरावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटतो. आपण पोथीही कापडात बांधून पूजतोच की. दासगणूंचा 'श्रीगजानन विजय' घरोघरी आहे, त्याचे एकवीस अध्याय एका बैठकीत उरकणारेही आहेत. तिथे तरी शब्द वाचला जातो की नुसता ओठांवरून जातो? कबूल, वेगाने केलेल्या पारायणात आणि फोटोत मुरलेल्या ओवीत फार अंतर नाही. पण बांधलेली पोथी सोडता येते. घाईने वाचणाऱ्याला एखाद्या दिवशी एखादी ओवी अडवू शकते. चित्रातली ओवी ते करू शकत नाही, कारण तिचा अर्धा भाग मास्कखाली कायमचा गेला आहे. म्हणून दशसूत्री छापायचीच असेल तर ती बाबांच्या चेहऱ्याशेजारी, सरळ ओळींत, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढ्या टाइपात छापावी. फलक थोडा कमी देखणा दिसेल, आणि डीटीपीवाल्याला कमी पैसे घ्यावे लागतील.