सूर्यास्तानंतरचा राग

इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने रागाबद्दल एक व्यवहारी नियम सांगितला आहे. राग आला तरी त्यापायी पाप घडू देऊ नये आणि सूर्य मावळायच्या आत तो संपवावा. नियम सोपा वाटतो. पण डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाचा सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास, तो ऑफिसात असतानाच मावळतो. पुढे गाडीची वाट, दारातली रेटारेटी, ठाण्याला आत घुसणारा लोंढा. घराची बेल वाजते तेव्हा साडेआठ झालेले असतात. त्याच्या रागाची वेळ सूर्यास्तानंतरच सुरू होते.

या वेळापत्रकात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दिवसभर हा माणूस रागावलेला नव्हता असे नाही. साहेबाने चारचौघांत पाणउतारा केला, तो गप्प राहिला. गाडीत एका आडदांड प्रवाशाने कोपर मारले, तेही गिळले. घरी मात्र आमटीत मीठ जास्त पडले किंवा मुलाने हातातला मोबाइल खाली ठेवला नाही, तेवढ्यावर भडका उडाला. नंतर तो म्हणतो, ‘राग अनावर झाला.’ पण जो राग चर्चगेटपासून किंवा सीएसएमटीपासून दारापर्यंत नीट आवरून आणला, तो उंबरठ्यावरच अनावर कसा होतो?

आपली भाषा इथे पुरुषाला थोडी सवलत देते. ‘मला राग आला’ या वाक्यात येणारा राग आहे. मी बिचारा यजमान. पण त्याच भाषेत ‘एकाचा राग दुसऱ्यावर काढणे’ असाही वाक्प्रचार आहे, आणि तिथे कर्ता माणूसच आहे. राग येणे आपल्या हाती नसेल. तो कोणावर काढायचा, हे मात्र आपण बहुतेक वेळा अचूक निवडतो. जिथून उलट मार येणार नाही, तीच जागा निवडतो. म्हणून प्रश्न ताबा सुटण्याचा कमी आणि आपण स्वतःला दिलेल्या परवानगीचा जास्त आहे.

ख्रिस्ती पुरुषाजवळ या परवानगीसाठी दोन खास आधार असतात. पहिला, मंदिरातल्या प्रसंगाचा. येशूनेही दोऱ्यांचा कोरडा करून व्यापाऱ्यांना हाकलले होते, मग बापाने घरात धाक ठेवला तर काय बिघडले? पण येशूचा राग कोणाकडे रोखलेला होता ते पाहावे. देवळाच्या नावावर धंदा मांडणाऱ्यांकडे. मार्कच्या शुभवर्तमानात वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशी बरे करताना तो रागावतो, तेव्हाही राग त्या दुबळ्या माणसासाठी आणि कठोर अधिकाऱ्यांवर आहे. स्वतःचा अपमान झाला, तोंडावर थुंकले गेले, तेव्हा तो गप्प आहे. आपला क्रम नेमका उलटा असतो.

दुसरा आधार क्षमेचा. रात्री गुडघे टेकले, देवाजवळ पाप कबूल केले, झाले मोकळे. डोंगरावरील प्रवचनात ही पळवाट बंद केली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर कोणाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्या माणसाकडे जायचे. देवाकडे जाणारा रस्ता स्वयंपाकघरातून जातो. बायकोला सत्तर वेळा सातची आठवण करून देणारा नवरा, किंवा तिलाच सोसायला सांगणारा पाळक, हा रस्ता टाळत असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही हिंसेच्या व्याख्येत शिवीगाळ आणि मानसिक छळ धरला आहे. हात उचलला नाही, एवढे म्हणून सुटका होत नाही.

याच कल्याणात १८६९ ते १८७३ या काळात एक मुलगा प्राथमिक शाळेत शिकत होता. नारायण वामन टिळक. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनानेच त्यांना धरून ठेवले. म्हणजे राग हा खुनाच्याच वाटेवरचा आहे, असे सांगणारे प्रवचन. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण टिळकांचा तापट स्वभाव बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळला नाही. हे आपल्याला कळते ते लक्ष्मीबाईंमुळे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी नवऱ्याचे प्रेम, औदार्य, भाबडेपणा आणि संताप एकाच सरळपणाने मांडले. त्यांनी सूड घेतला नाही आणि झाकपाकही केली नाही. कोमल भक्तिगीते लिहिणारा कवी घरात कसा होता, याची खरी साक्ष तिथे राहिलेल्या माणसाचीच. आपल्या रागाचे मोजमापही आपल्या पश्चात्तापावरून होत नाही. ते घरातल्यांकडे असते. बेल वाजल्यावर मुले हसत येतात की चटकन पुस्तक उघडून बसतात, यावरून ते कळते.

मग राग गिळतच राहायचा का? नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही दगावले. यावर राग न येणारा माणूस शांत नाही, बधिर आहे. पण या रागाचा पत्ता रेल्वे प्रशासनाचा आहे, प्रवासी संघटनेच्या सभेचा आहे, तक्रारअर्जाचा आहे. तिकडे जायला वेळ आणि धैर्य लागते. घरी ओरडायला दोन्ही लागत नाहीत, म्हणून योग्य राग चुकीच्या पत्त्यावर पडतो.

यहुदी पंचांगात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. ते मानले तर पौलाचा नियम डोंबिवलीकराला अगदी लागू पडतो: घराची बेल वाजते तेव्हा कालचा दिवस केव्हाच संपलेला असतो. स्टेशन ते घर हे पंधरा मिनिटांचे चालणे त्यासाठी पुरेसे आहे. त्यात मन शांत झाले नाही, तर दार उघडणाऱ्या व्यक्तीला एवढे तरी सांगता येते की, ‘आज डोके तापलेय, तुझ्यामुळे नाही.’ या वाक्याने राग जात नाही. पण तो कोणाचा नाही, हे घरातल्या माणसाला वेळेत कळते.