टेंगूळ न येणारा मार

रविवारी सकाळी नातवाला मैदानावर न्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. मैदान डोंबिवली पूर्वेचं. नाव सांगत नाही, कारण हेच चित्र कल्याणात, ठाण्यात कुठंही दिसेल. क्रिकेटचे तीन सामने एकमेकांत मिसळलेले, कडेनं फेऱ्या मारणारे माझ्यासारखे निवृत्त लोक, आणि उरलेल्या कोपऱ्यात फुटबॉलचा वर्ग. मागच्या महिन्यात एका रविवारी कठड्यावर बसल्या बसल्या मी उगीचच मोजायला लागलो. सर हातानं चेंडू उडवत होते, मुलं रांगेनं पुढे येऊन तो डोक्यानं परत देत होती. "कपाळानं! डोळे मिटायचे नाहीत!" मी अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. आई जप करायची तसा. चार बोटांची बारा पेरं. अर्ध्या तासात नातवाच्या वाट्याला दोनदा पेरं भरून वर तीन, म्हणजे २७ हेडर आले. मग वीस मिनिटांचा सामना झाला. त्यात त्याचं डोकं चेंडूला लागलं एकदाच, आणि तेही चुकून.

आम्हा घरच्यांना वाटत होतं की पोराला डोक्याला लागलं तर ते सामन्यात लागेल. चेंडू मात्र डोक्यावर पडत होता सरावात.

आमच्या लहानपणी डोक्याला लागल्याचा पुरावा एकच होता. आई आधी केसांतून चाचपायची. टेंगूळ आलं असेल तर पदराचा बोळा करून, त्यात तोंडाची वाफ भरून शेकायची. टेंगूळ नसेल तर "काही झालं नाही, बघ मुंगी मेली," म्हणून पुन्हा अंगणात पिटाळायची. टेंगूळ, खोक, रक्त, घेरी, उलटी यांपैकी काही दिसलं तर मार, नाहीतर नाही. डॉक्टरही बराच काळ यापेक्षा फार वेगळं करत नव्हते. आता संशोधक ज्या माराबद्दल बोलतात, त्याला टेंगूळ येत नाही. मुलगा हसत परत रांगेत उभा राहतो.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, द्रवात तरंगत असतो. चेंडू कपाळावर टेकतो तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात कवटी आपला वेग बदलते आणि मेंदू जरा उशिरानं तिच्यामागून येतो. चेंडू मधोमध न लागता कडेला लागला तर डोकं गर्रकन वळतं आणि मेंदूतले लांब धागे, एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे, ताणले जातात. एकदा ताणले तर बहुधा काहीच होत नाही. प्रश्न आहे तो तेच धागे हजार वेळा ताणण्याचा.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठानं २०१६ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. १९ प्रौढ खेळाडू घेतले, यंत्रानं कॉर्नर किकसारखे चेंडू सोडले आणि प्रत्येकाकडून २० हेडर मारून घेतले. लगेच घेतलेल्या स्मरणाच्या चाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली. चोवीस तासांत ती पूर्ववत झाली. या 'पूर्ववत'वर किती विसंबायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला त्यातला २० हा आकडा टोचला, कारण माझ्या पेरांवर २७ होते.

न्यूयॉर्कमध्ये मायकेल लिप्टन यांनी २०१३ साली ३७ हौशी खेळाडूंचे मेंदू स्कॅन केले आणि वर्षभरात किती हेडर मारले ते त्यांना विचारलं. कुणी ३२ सांगितले, कुणी ५,४००. मधला खेळाडू ४३२ वर होता. वर्षाला साधारण ८८५ ते १,५५० च्या पुढे गेलेल्यांच्या मेंदूतल्या धाग्यांत बदल दिसले, १,८०० च्या पुढे गेलेले स्मरणाच्या चाचणीत मागे पडले. यातली गंमत बघा. ज्यांच्या स्मरणाबद्दल शंका, त्यांनाच आठवून सांगायला लावलं होतं. पण दुसरा इलाज तरी काय? मैदानाच्या कडेला बसून मोजणारं कुणी नव्हतं. आमचे वर्षाचे ४० रविवार धरले तर २७ चे होतात १,०८०. सरांनी हातानं उडवलेला चेंडू आणि गोलकीपरनं आभाळात भिरकावलेला चेंडू एका तागडीत घालता येत नाही, हे मला कळतं. तरी तो गुणाकार डोक्यातून जात नाही.

लहान मुलांचा प्रश्न आणखी वेगळा, आणि त्याचं कारण आपल्या घरात फार जुन्या काळापासून माहीत आहे. बाळंतघरातली आजी रोज तेलाची वाटी घेऊन बसायची आणि तळहातानं टाळू भरायची. टाळू उडते ती दिसायची, म्हणून जपणूक होती. कुंची घालायची, उन्हावाऱ्यात न्यायचं नाही, तिऱ्हाइताचा हात डोक्यावर नको. दीड-दोन वर्षांत टाळू भरून येते आणि जपणूक संपते. आतलं काम मात्र संपलेलं नसतं. मेंदूतल्या धाग्यांवरचं आवरण चढत राहतं ते थेट पंचविशीच्या आसपासपर्यंत. शिवाय बांधा पाहा. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकं असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठव्या. दहा-अकरा वर्षांचं पोर या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असतं. डोकं जवळजवळ बापाएवढं, मान मात्र काडीसारखी. चेंडूचा धक्का पेलायचा असतो त्या मानेनं.

सगळ्यांत मोठा पुरावा मुलांचा नाही, म्हाताऱ्यांचा आहे. ग्लासगोच्या विली स्टुअर्ट यांनी १९०० ते १९७६ या काळात जन्मलेल्या ७,६७६ माजी व्यावसायिक स्कॉटिश फुटबॉलपटूंची नोंद २३,०२८ सामान्य माणसांशी ताडून पाहिली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापला. खेळाडू हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं कमी मेले होते. पण मेंदू झिजण्याचा आजार हे मृत्यूचं मुख्य कारण त्यांच्यात १.७ टक्के होतं, इतरांत ०.५ टक्के, वयाचा हिशेब धरून धोका साडेतीन पटींच्या घरात. हेडर कुणी मोजले नव्हते, तेव्हा दोष चेंडूच्या टोल्यांचाच असं त्या अभ्यासानं म्हटलं नाही. २०२१ साली त्यांनीच पुढचं पाऊल टाकलं आणि मैदानावरच्या जागेप्रमाणे हिशेब मांडला. मेंदू झिजण्याच्या आजाराचा धोका बचावपटूंत सामान्य माणसाच्या जवळपास पाचपट निघाला. गोलकीपर मात्र सामान्यांपासून खात्रीनं वेगळे काढता आले नाहीत. मैदान तेच, जेवणखाण तेच, दारूसुद्धा तीच. फरक इतकाच की गोलकीपर चेंडू हातानं घेतो.

"तेव्हाचा चामड्याचा चेंडू पाणी पिऊन दगड व्हायचा, आताचा हलका असतो," हे उत्तर मीही वर्षानुवर्षं देत आलो. त्या अभ्यासात वेगवेगळ्या दशकांत जन्मलेल्यांच्या धोक्यात फरक दिसला नाही. ओला चेंडू जड, पण सुस्त. आताचा हलका, पण सुसाट. माझा नातू स्टॉपर खेळतो. स्टॉपर म्हणजे बचावपटू.

इंग्लंडच्या जेफ ॲस्टलचं नाव या विषयात कायमचं चिकटलं आहे. वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनचा हा सेंटर फॉरवर्ड हेडरसाठी प्रसिद्ध होता. त्याचा सर्वांत गाजलेला गोल, १९६८ च्या एफए कप अंतिम सामन्यातला, मात्र डाव्या पायाचा. जानेवारी २००२ मध्ये तो ५९ व्या वर्षी गेला, आणि त्याच वर्षी मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं कारण दिलं: औद्योगिक आजार. डोंबिवली एमआयडीसीच्या कुशीत आयुष्य काढलेल्याला हे शब्द परके नाहीत. फुप्फुसात जाणारी धूळ, कातडीवर उडणारं रसायन. पण ते खेळाला लावलेले मी प्रथमच वाचले, आणि आठवला तो कल्याणच्या बाजारातला माथाडी. डोकं हेच ज्याचं अवजार, त्याचं नावच माथ्यावरून पडलेलं. अण्णासाहेब पाटलांनी त्याला संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रानं त्याच्यासाठी कायदा केला. माथाडी पोत्याखाली चुंबळ घेतो. हेडरला चुंबळ नाही, आणि घेऊन फारसा उपयोगही नाही; ती कातड्याला वाचवते, आत हलणाऱ्याला नाही. डोक्याला बांधायच्या मऊ पट्ट्यांचं दुखणं हेच आहे.

आपल्याकडे पोराच्या डोक्यावर वाद झालेच नाहीत असं नाही. ठाणे तर दहीहंडीची पंढरी. शेवटच्या थरावरच्या एक्क्याचं वय किती असावं यावर २०१४ साली उच्च न्यायालयानं अठरा वर्षांची अट आणि वीस फुटांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली, चौदा वर्षांची अट राहिली. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, हा सरकारी निर्णय २०१५ चा. एक्का पडला की सगळं ठाणं बघतं, दप्तर काट्यावर ठेवता येतं. हेडर ना पडतो, ना तोलता येतो.

अमेरिकेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला. इंग्लंड आणि स्कॉटलंडनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयात तो सरावातून काढला, आणि इंग्लंडनं २०२४ पासून अकरा वर्षांपर्यंतच्या सामन्यांतूनही टप्प्याटप्प्यानं. मला पटला तो सरावाचा नियम. माझ्या पेरांवरचा २७ आणि १ चा हिशेब तेच सांगतो.

मात्र हे सांगताना जीभ अडखळते ती मुंब्र्याच्या मुलींपाशी. दिव्याच्या पुढचं हे स्टेशन. तिथं 'परचम' संस्थेच्या मुलींनी फुटबॉल उभा केला आणि मैदानात आपल्यासाठी जागा आणि वेळ मागून घेतली. बाईमाणसानं मैदानात दिसणं हीच त्यांची पहिली लढाई. लिप्टन यांच्याच गटानं २०१८ साली ४९ पुरुष आणि ४९ स्त्रिया तपासल्या. हेडरची संख्या सारखी असूनही स्त्रियांच्या मेंदूतला बदल झालेला भाग पाचपट मोठा निघाला. हा आकडा कुणाच्या हाती कसा पडेल, याची मला भीती वाटते. नातवाच्या बाबतीत त्याचा अर्थ "सरावात हेडर कमी करा" असा होईल. त्या मुलींच्या बाबतीत काही घरांत त्याचा अर्थ "घरी बस" असाच होईल. आणि हृदय, फुप्फुस, मोकळा श्वास, मैत्रिणी, हे सगळं घरी बसून मिळत नाही.

सरांशी बोललो. तरुण आहेत, स्वतः कॉलेजकडून खेळलेले. ते चिडले नाहीत.

"काका, लहानपणी शिकवलं नाही तर मोठेपणी घाबरतात. मग चुकीचं डोकं लावतात, आणि तेच जास्त लागतं."

यात तथ्य आहे. मी म्हटलं, "मग फुग्यानं शिकवा. उडी कधी घ्यायची, कपाळ कुठं न्यायचं, डोळे उघडे कसे ठेवायचे, सगळं फुग्यावर जमेल."

ते हसले. "फुगा आणला तर पोरं फोडतील." मग थोडं थांबून म्हणाले, "बघतो. तुम्ही खरंच मोजलेत?"

पुढच्या दोन रविवारी हेडरचा वर्ग झाला नाही. त्या विषयावर ते बोलले नाहीत, मीही काढला नाही.

काल पाऊस होता. मैदानाच्या मधोमध चिखल, गोलसमोर तळं. जमिनीवरून दिलेला चेंडू दोन हातांवर रुतून बसत होता, पोरं लाथा मारत होती आणि पाणी उडवत होती. सुरुवातीला सगळ्यांना मजा आली. मग सर ओरडले, "खालून चालत नाही रे, उचल! वरून दे!" टाके सुटलेला, पाणी प्यायलेला जुना चेंडू एका पोरानं जीव खाऊन वर उडवला. नातू त्याच्याखाली मागं मागं सरकत होता. छत्री डाव्या हातात घेऊन मी उजव्या हाताचा अंगठा करंगळीवर नेला.