कासवाचा लळा

पाळीव प्राण्यांविषयीं बोलणें निघालें, कीं कुत्र्याचें इमान आणि मांजराचा लळा यांच्या गोष्टी घरोघर ऐकूं येतात. परंतु कासवावर आपला जीव जडल्याचें कोणीं सांगितलें, तर ऐकणारे हंसतात. दगडावर माया करावी तशीच ही माया, असा त्यांचा अभिप्राय असतो. जें प्रेम परत मिळत नाहीं, तें प्रेम म्हणावें कीं नुसता मनाचा खेळ, हा प्रश्न या हंसण्याच्या मुळाशीं आहे. व तो वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

हंसणारांची बाजू अगदींच लंगडी आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. कुत्रा हा लांडग्याच्या कुळांतला, जात्याच कळपानें राहणारा प्राणी. शिवाय हजारों वर्षें तो मनुष्याच्या संगतींत वाढला आहे. इ. स. २०१५ मध्यें जपानांतील संशोधकांनीं असें दाखविलें, कीं कुत्रा व त्याचा धनी परस्परांकडे टक लावून पाहत असतां दोघांच्याहि शरीरांत ऑक्सिटोसिन हें द्रव्य वाढतें. आई व तान्हें मूल यांच्या स्नेहांतहि हेंच द्रव्य कार्य करीत असतें. कासवाची गोष्ट निराळी. कासवी केवळ नजरेनें पिलांचें पोषण करिते, असा कूर्मदृष्टीचा दृष्टांत आपल्या संतांनीं वारंवार दिला आहे. दृष्टांत मोठा गोड. पण वस्तुस्थिति अशी, कीं कोंकणच्या किनाऱ्यावर येणारी सागरी कासवी वाळूंत खड्डा करून अंडीं घालिते, तो बुजविते आणि समुद्राची वाट धरिते. ती मायेची नजर आपणच तिला दिली.

तथापि हे प्राणी अगदींच अजाण असतात, असेंहि नाहीं. इंग्लंडांत सेल्बर्न गांवीं गिल्बर्ट व्हाइट नांवाचा एक निसर्गप्रेमी पाद्री होऊन गेला. त्याच्या आत्याकडे टिमोथी नांवाचें कासव सुमारें ४० वर्षें होतें. नित्य खाऊं घालणारी ही वृद्धा दिसली, कीं तें लगबगीनें तिच्याकडे जाई व परक्यांकडे लक्षहि देत नसे, असें व्हाइटनें नमूद केलें आहे. ही कृतज्ञता, कीं केवळ अन्नाची आठवण, हें कोणीं सांगावें? ती वारल्यावर १७८० सालीं व्हाइटनें तें आपल्या घरीं आणलें. तो त्याचें वजन करी. थंडींत तें जमिनींत केव्हां शिरतें व केव्हां बाहेर येतें, याचीं टिपणें ठेवी. व्हाइट १७९३ त वारला. कासव पुढच्या वर्षीं मेलें. तें नर नसून मादी होतें, हें मात्र मागाहून उघड झालें!

अर्धशतकाच्या सहवासांत त्या जीवाचें मन तर दूरच, तें नर कीं मादी हेंहि कळलें नाहीं. तरी व्हाइटची आस्था खोटी ठरत नाहीं. कारण तें आपल्यावर प्रेम करितें कीं काय यापेक्षां तें कसें जगतें, हें त्यानें बारकाईनें पाहिलें. कुत्र्याच्या प्रेमांत आपला अहंकारहि पोसला जातो. दारांत शेपटी हलली, कीं आपण कोणी आहों असें वाटतें. कासवापाशीं हें सुख नाहीं. त्याच्या पाठीवरून हात फिरविण्याचें समाधान बहुधा आपलेंच. त्यास हवें ऊन, सावली, योग्य अन्न आणि निवांतपणा. आणि कधीं कधीं तर त्यास पाळण्याचा मोह आवरणें हेंच प्रेम. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलें आपल्या देशांतील तारा-कासव घरीं ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे, ती याच कारणानें आम्हांस योग्य वाटते.

हा विचार प्राण्यांपुरताच नाहीं. स्मृति गेलेल्या वृद्ध आईस पोटचीं मुलेंहि ओळखूं येत नाहींत, अशीं घरें आपल्यांत आहेत. तेथें लेक किंवा सून रोज वेळेवर भात कालवून तिला भरविते. समोरच्या डोळ्यांत ओळख उमटत नाहीं, म्हणून घांस थांबत नाहीं. त्या घरांतील कोणी कासव पाळणारास हंसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.