शिकवण्यातला अपरिग्रह



इंदूरला आम्ही मुलीला घरीच शिकवतो. गणित, हिंदी, इंग्रजी, मराठी वाचन, मनाचे श्लोक, तबला, स्वयंपाक... यादी वाढत गेली, दिवस मात्र तेवढाच. रात्री राहिलेलं मोजायचं आणि राग मुलीवर निघायचा. एकदा ती म्हणाली, "आई, आज माझं काहीच बरोबर झालं नाही का?" आम्ही दोघंही गप्प.

ही घाई तिच्यासाठी, की ती मागे पडेल या आपल्याच भीतीपोटी? पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रह सांगितला. आपण तो पैशाअडक्यापुरता समजतो. पण मुलाच्या डोक्यात सगळं आत्ताच भरायची हाव, हाही संग्रहच ना!

आता सकाळी गणित आणि भाषा; संध्याकाळी दिवा लावल्यावर एकच श्लोक. मनाचे श्लोक 205. रोज एक म्हटला तरी सात महिन्यांत पूर्ण होतात. तबला तूर्त थांबवला, त्याची खंत आहेच. पण पोळ्या लाटताना मुलगी आता आपणहून प्रश्न विचारते, आणि उत्तर द्यायला आम्हाला सवड असते.

आपल्या घरी काय थोडं बाजूला ठेवता येईल? आज जेवताना सगळ्यांनी मिळून जरूर बोलूया.